महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा: चौथीचं वर्ष संपताना

नकाशा कुठला ते सांगायला नको. शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला असतो तोच. वर-खाली लाकडी पट्ट्या, वरून प्लॅस्टिक, मीटरभर रुंदी, १ सेंमीला १० किमी. लेक चौथीत गेली तेव्हा, २०२५च्या जूनमध्ये, २८० रुपयांना घेतला. आता तिची वार्षिक परीक्षा तोंडावर आहे आणि नकाशाचीही पुरती परीक्षा झाली आहे.

खालची पट्टी दिवाळीआधीच निखळली. दुकानात नेला तर काका म्हणाले, "ताई, नकाशा वरच्या पट्टीवर टांगतात. खालची नुसती शोभेला असते." शोभेची वस्तू असेल तर तिचे पैसे कशाला लावले? पावती दाखवली तर त्यांनी तिच्याच खालच्या ओळीवर बोट ठेवलं: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मग मी दुसरा मुद्दा काढला. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये आली, अहिल्यानगर २०२४ मध्ये, आणि तुम्ही २०२५ मध्ये जुनाच माल खपवताय. त्यावर काकांनी गल्ल्यातून तीन छापील स्टिकर काढून दिले. फुकट, असं दोनदा बजावून. छत्रपती संभाजीनगरचा स्टिकर इतका लांब, की तो सरळ लावला तर जालना गायब होतं. आम्ही तिरका लावलाय.

पण पट्टी आणि स्टिकर ही किरकोळ दुखणी. माझा खरा राग वेगळाच आहे. हा नकाशा राज्याच्या सीमेवर संपतो. सीमेपलीकडे नुसता कोरा पिवळसर कागद, वर ‘गुजरात’, ‘तेलंगणा’ असे शब्द, एक गाव म्हणून नाही. परिसर अभ्यासाच्या पहिल्या भागाला तेवढं पुरतं. दिशा, खुणा, जिल्हे, नद्या, सगळं झालं. पण चौथीचा दुसरा भाग म्हणजे अख्खं शिवचरित्र, आणि महाराजांना १९६०ची सीमारेषा कुठे ठाऊक होती?

पहिल्या सत्रात अडलं नाही. शिवनेरी, राजगड, प्रतापगड सगळे होते. पन्हाळा ते विशालगड तिने पट्टीने मोजलं आणि तोंड पाडून बसली. "चारच सेंमी? एवढ्यासाठी बाजीप्रभू?" १६६०चा जुलै, रात्र, कोसळता पाऊस, मागे सिद्दीची फौज आणि सरळ रेषा कुठेच नाही, हे तिला बाईंनी वर्गात समजावलं. नकाशात घाट सपाट असतात, याला दुकानदाराचा इलाज नाही, म्हणून त्याचा मार्क कापत नाही.

पुरंदरच्या तहापाशी नकाशा पहिल्यांदा लंगडा पडला. १६६५, तेवीस किल्ले मोगलांना, बारा स्वराज्यात. तिने खडूपेनाने गेलेले किल्ले खोडायला घेतले. कोंढाणा, पुरंदर, लोहगड, माहुली, कर्नाळा खोडून झाले आणि पुढचे बरेच छापलेलेच नाहीत! काळी शाई ओल्या फडक्याने पुसली जाते, हे मान्य. लाल जात नाही. पुरंदरावर अजून गुलाबी डाग आहे.

मग आली सुरत. १६६४ची सुरत खरं तर तहाच्या आधीची, पण आमच्याकडे ती उजळणीत गाजली. नकाशाच्या चौकटीत सुरत बसते. अगदी आरामात बसते. पण तिथे यांनी सूचीचा चौकोन छापलाय! रेल्वेमार्ग, जिल्हा सीमा, धरण. अरबी समुद्र एवढा रिकामा पडलेला असताना चौकोन नेमका सुरतेवर. हे ज्याने मांडलं त्याला चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर वर्षभर बसवावं. सुरत आता ‘पक्की सडक’ या ओळीवर टाचणीने टोचली आहे.

आग्रा तर कागदाबाहेरच. लेकीच्या बाबांनी ॲटलास काढला, कडेच्या रेषांवरून हिशेब केला: एका अक्षांशाला साधारण ११ सेंमी. म्हणजे आग्रा नकाशाच्या वरच्या कडेपासून अर्ध्या मीटरहून जास्त वर, माळ्याच्या फळीखाली. स्टुलावर चढून तिथे चिठ्ठी चिकटवली. राजगडापासून दोरा ताणला तर मीटरभराच्याही पुढे गेला. पन्हाळ्याच्या चार सेंमीवर रुसलेली पोरगी दोऱ्याकडे बघत म्हणाली, "आणि परत पण यायचं होतं ना?"

इथपासून माझं मत जरा हललं. राज्याभिषेक झाला, रायगडावर १६७४ लिहून झालं, आणि वर्षाच्या शेवटी दक्षिणेची मोहीम आली. भागानगर, म्हणजे आजचं हैदराबाद, पिवळ्या कोऱ्या जागेत सापडलं. जिंजी मात्र खालच्या कडेच्या फूटभर खाली. आणि तिथे ती निखळलेली पट्टी कामाला आली, म्हणजे नसल्यामुळे कामाला आली. कागद भिंतीला सपाट बसतो, त्यामुळे खाली जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून सलग चिकटवता आली. वेल्लोर, त्याखाली जिंजी. व्यंकोजीराजांचं तंजावर अभ्यासाच्या टेबलामागे गेलं, ते दाखवायला टेबल ओढावं लागतं. आता ती वाढवलेल्या नकाशाची परिमिती काढत बसली आहे, गणितात तेच चालू आहे. काकांनी मात्र श्रेय घेऊ नये. पट्टी त्यांनी शोभेलाच लावली होती.

भारताचाच नकाशा का नाही घेतला, असं नणंदेने विचारलं. तिच्याकडे आहे तेवढ्याच आकाराचा, १ सेंमीला ४० किमीचा. त्यावर आग्रा आहे, जिंजी आहे, पण सिंहगड आणि राजगड एकमेकांच्या अंगावर बसलेत आणि पन्हाळा ते विशालगड एक सेंमी. चौथीचं निम्मं पुस्तक एका नखाखाली झाकलं जातं. त्यामुळे घ्यायचा तर हाच घ्या. अडीचशेपर्यंत घासाघीस करा, स्टिकर आधी मागून घ्या, खालची पट्टी ओढून बघा. सुटली तर तिथेच काढून ठेवून किंमत कमी करा.

आणि भाड्याच्या घरात रुंद पारदर्शक टेप वापरू नका. आग्र्याची चिठ्ठी सरकवताना रंगाचा पोपडा आला, आणि घरमालक मे महिन्यात करार वाढवायला येणार आहेत.