‘कंट्री ऑफ डोमिसाईल’ : पुण्यात राहून नवऱ्यासाठी केलेल्या अमेरिकी इमिग्रंट व्हिसाचा अनुभव

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या आमच्या व्हिसा-सल्लागाराचा निरोप आला. उरलेले १५,००० रुपये कधी पाठवता, असे विचारून झाल्यावर खाली ‘मॅडम, जमल्यास आमच्या सेवेबद्दल दोन शब्द लिहा’ अशी विनंतीही होती. दोन शब्दांत हे मावण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आय-१३० (नागरिकाने जोडीदारासाठी करायचा नात्याचा अर्ज), डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) आणि आय-८६४ (आर्थिक हमीपत्र) या तीन अर्जांची याहून जास्त ओळख मी इथे करून देत नाही. त्यांची ओळख करून देणारे लेख पुष्कळ आहेत, पण अमेरिकी नागरिक स्वतःच अमेरिकेबाहेर राहत असेल तर नेमके कुठे अडते, हे त्या लेखांत मला शेवटपर्यंत सापडले नव्हते.

आमची परिस्थिती थोडक्यात अशी. मी शिक्षणासाठी अमेरिकेत गेले, पुढे नोकरी केली, २०१७ मध्ये नागरिकत्व घेतले आणि आई-बाबांच्या आजारपणामुळे २०१९ मध्ये कोथरूडला परतले. २०२१ च्या डिसेंबरात लग्न झाले. नवरा भारतीय नागरिक, मी ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचे) कार्डधारक. म्हणजे ज्या गल्लीत लहानाची मोठी झाले तिथेच कागदोपत्री परदेशी. न्यू जर्सीला परत जायचे ठरल्यावर २०२३ च्या जानेवारीत मी आय-१३० ऑनलाइन भरला. पूर्वी परदेशात राहणाऱ्या नागरिकाला काही देशांत हा अर्ज तिथल्या अमेरिकी कार्यालयातच देता येत असे. फेब्रुवारी २०२० पासून अपवादात्मक परिस्थिती सोडली तर ती वाट बंद झाली आहे. ‘टूरिस्ट व्हिसावर ने आणि तिथे गेल्यावर अर्ज कर’ हा सल्ला आम्हाला किमान सहा जणांनी दिला. कायम राहण्याचा बेत मनात ठेवून पर्यटक म्हणून प्रवेश घेणे हे सरळ सरळ खोटे बोलणे आहे आणि ते उघडकीस आले तर व्हिसाची दारे कायमची बंद होऊ शकतात, हे त्यांपैकी एकालाही सांगावेसे वाटले नाही.

खर्चाचा हिशेब आधीच देते, कारण मला स्वतःला तो सर्वांत आधी हवा होता. आय-१३० चे ५३५ डॉलर, व्हिसा अर्जाचे ३२५, आय-८६४ च्या तपासणीचे १२० आणि व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्डासाठीचे २३५, असे सरकारी शुल्क एकूण १,२१५ डॉलर झाले. १ एप्रिल २०२४ पासून आय-१३० चे शुल्क ऑनलाइन अर्जाला ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ झाले. आमचा अर्ज आधीचा असल्याने ९० डॉलर वाचले. त्याच दिवशी ग्रीन कार्डाचे शुल्क २२० वरून २३५ झाले आणि त्यांतले १५ परत गेले. वैद्यकीय तपासणी, लसी, पोलिसांचा दाखला आणि मुंबईच्या फेऱ्या वेगळ्या. सल्लागाराचे ४०,००० ठरले होते : २५,००० आगाऊ आणि १५,००० कागदपत्रे मान्य झाल्यावर.

आय-१३० मंजूर व्हायला १४ महिने लागले. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही, वाट पाहिली. त्यानंतर प्रकरण न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ इथल्या, मुलाखतीआधी कागदपत्रे तपासणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, आणि परदेशात राहणाऱ्याची खरी परीक्षा तिथून सुरू होते. पहिला धडा लगेच मिळाला. तिथले शुल्क फक्त अमेरिकी बँकेच्या खात्यातूनच भरता येते. माझे विद्यार्थिदशेत उघडलेले एक खाते शिल्लक होते. ‘उगाच कशाला ठेवलंयस’ म्हणून नवरा ते बंद करायला दोन वर्षे मागे लागला होता. मी ते केवळ आळसापोटी बंद केले नव्हते. ज्यांचे असे खाते अजून चालू आहे त्यांनी ते कृपया राहू द्यावे. त्याचा दुसरा उपयोग पुढे येतोच.

आता मुख्य मुद्दा. आय-८६४ म्हणजे अमेरिकेत आल्यावर या व्यक्तीचा भार सरकारवर पडणार नाही, तो मी उचलीन, असे नागरिकाने लिहून दिलेले हमीपत्र. दोघांच्या कुटुंबासाठी २०२४ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला २५,५५० डॉलर उत्पन्न दाखवावे लागत होते. पुण्यातला माझा पगार तिकडे गेल्यावर थांबणार होता, म्हणून तो धरता येत नव्हता. त्यात परदेशातील उत्पन्नाची वजावट घेतल्यामुळे माझ्या अमेरिकी कर-विवरणात ‘एकूण उत्पन्न’ या ओळीवर तिन्ही वर्षे शून्य दिसत होते. तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा माझा दादा जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे माझ्या जोडीने हमी घेणारा दुसरा हमीदार झाला. त्याच्या घरची चार माणसे आणि हमी घेतलेला पाचवा, म्हणून त्याला ४५,७२५ डॉलरची मर्यादा लागू झाली. तो त्यात आरामात बसत होता, आणि सल्लागार म्हणाले, ‘मॅडम, जॉइंट स्पॉन्सर आहे म्हटल्यावर तुमचं डोमिसाईल कोणी बघत नाही.’

हे वाक्य साफ चुकीचे आहे. मूळ अर्जदार नागरिकाचे डोमिसाईल अमेरिकेत नसेल, तर जॉइंट स्पॉन्सर कितीही श्रीमंत असला तरी तो ग्राह्यच धरला जात नाही. आय-८६४ मध्ये ‘कंट्री ऑफ डोमिसाईल’ असा एक छोटासा रकाना आहे. आमच्या सल्लागारांनी त्यात ‘इंडिया’ असे भरले आणि मी सही केली. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात डोमिसाईल म्हटले की एकच गोष्ट येते : बारावीनंतरची धावपळ, सेतू केंद्रावरची रांग, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणि तहसील कार्यालयाचा गोल शिक्का. जिथे राहतो तिथले डोमिसाईल, एवढा सोपा अर्थ. अमेरिकी कायद्यात मात्र तुम्ही आज कुठे राहता यापेक्षा तुमचे कायमचे घर कुठे आहे, आणि ते सध्या तिथे नसेल तर जोडीदार अमेरिकेत पाऊल ठेवील त्या दिवसापर्यंत तुम्ही ते तिथे मांडणार आहात का, हे पाहिले जाते. हे सारे त्या अर्जाच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. सूचनापत्र फुकट मिळते; मी २५,००० रुपये देऊन ते वाचले नाही.

मे महिन्यात पाठवलेली कागदपत्रे जुलैत परत आली : डोमिसाईलचा पुरावा जोडा. सल्लागारांनी ‘मी लवकरच अमेरिकेत परतणार आहे’ असे माझ्या नावाने एक पानाचे पत्र तयार केले आणि तेच जोडले. रकान्यातला ‘इंडिया’ तसाच राहिला. ऑगस्टअखेर पुन्हा तेच उत्तर आले. तेव्हा मी एका शनिवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे कागद मांडून स्वतः वाचायला बसले आणि संध्याकाळपर्यंत मला उमगले की साडेतीन महिन्यांतला बहुतेक काळ पाच अक्षरांच्या एका इंग्रजी शब्दाने खाल्ला होता.

तिसऱ्या खेपेला मी रकान्यात ‘युनायटेड स्टेट्स’ भरले आणि सोबत हेतूचे पत्र स्वतः लिहिले. त्यात भारतात परत का गेले होते, अमेरिकेत कधीपर्यंत येणार आणि कुठे राहणार हे तारखांसह मांडले. पुराव्यादाखल ते जुने बँक खाते आणि त्यात नुकतीच पाठवलेली बचत, परदेशातल्या मतदारांसाठीच्या अर्जाने २०२० च्या निवडणुकीत केलेल्या मतदानाची नोंद, दरवर्षी न चुकता भरलेल्या कर-विवरणांच्या अधिकृत प्रती, न्यू जर्सीतल्या कंपनीचे नोकरीचे पत्र आणि ‘घर मिळेपर्यंत दोघे माझ्याकडे राहतील’ असे दादाचे निवेदन जोडले. ऑक्टोबरच्या मध्यावर कागदपत्रे मान्य झाली.

इथपर्यंत लिहिताना मी या प्रक्रियेला मनातल्या मनात दोन तारे देऊन टाकले होते. ते मत मला थोडे बदलावे लागत आहे. हे हमीपत्र म्हणजे कायद्याने वसूल करता येणारा करार आहे. जोडीदाराला नागरिकत्व मिळेपर्यंत, किंवा त्याच्या खात्यावर ४० तिमाह्यांचे काम जमा होईपर्यंत, किंवा तो कायमचा देश सोडेपर्यंत, अथवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत तो चालू राहतो. घटस्फोटानेही तो सुटत नाही. (हे वाचून दाखवल्यावर नवऱ्याने ‘मग सातबाऱ्यावरच नाव चढलं म्हणायचं’ असा शेरा मारला.) ज्याच्याकडून वसुली करायची तो माणूसच देशाबाहेर असला तर कराराला अर्थ काय, हा प्रश्न रास्त आहे. नियमावर माझा राग उरलेला नाही. एका रकान्याचा अर्थ सांगण्यासाठी पैसे घेऊन तो चुकीचा सांगणाऱ्यावर आहे.

तरीही सल्लागारांच्या खात्यावर एक गोष्ट जमा केली पाहिजे. नवऱ्याचा जन्म १९८३ चा, सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावचा. त्याच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावे, तारीख, ‘पुरुष’ असे सगळे होते. बाळाच्या नावाच्या जागी मात्र आडवी रेघ होती. आम्ही तो दाखला पासपोर्टासाठी काढलेल्या कागदांच्या फाइलीत वर्षानुवर्षे बाळगला होता आणि ती रेघ कोणाच्याही लक्षात आली नव्हती. सल्लागारांनी दाखला हातात घेताच बोट ठेवले : ‘नाव चढवून आणा, नाहीतर मुंबईत अडेल.’ शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गावी तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तिथल्या कारकुनांनी कापडी बांधणीची नोंदवही काढली, पट्टी ठेवून त्या रेघेवर लाल शाईने नाव लिहिले आणि समासात सही केली. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाचे बारसे झाले म्हणून सासूबाईंनी त्या संध्याकाळी खरोखर घुगऱ्या केल्या.

नवऱ्याची मुलाखत २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत झाली. नागरिक जोडीदाराने आत जाण्याची सक्ती नसते. मी त्याचा मोबाइल आणि पाकीट सांभाळत बाहेर थांबले. दोन तासांनी तो आला तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. खिडकीवर विचारलेला दुसराच प्रश्न होता : तुमची बायको कुठे राहते? साडेतीन महिन्यांची माझी तपश्चर्या आठवून माझ्या पोटात गोळा आला. तो म्हणाला, ‘मी खरं ते सांगितलं. आत्ता माझ्याजवळ पुण्यात, जूनपासून न्यू जर्सीत, नोकरीचं पत्र फाइलीत आहे.’ पासपोर्ट ठेवून घेतला होता. पाठ केलेली बाकीची बावीस उत्तरे वाया गेली.

दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवाव्यात. वैद्यकीय तपासणी फार आधी करू नये, कारण व्हिसाची मुदत तिला बांधलेली असते आणि ती साधारणतः सहा महिन्यांपलीकडे जात नाही. ज्यांना इथले घर आवरून निघायचे असते त्यांना तो काळ कमी पडतो. तसेच, जोडीदाराला पुढे पाठवून आपण मागाहून जाण्याचा बेत करू नये. डोमिसाईल सिद्ध करायचे तर दोघांनी एकत्र किंवा नागरिकाने आधी जायचे असते. आम्ही जूनमध्ये एकाच विमानाने गेलो.

आता सहा महिने होत आले. प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षे उलटून गेलेली असल्याने दोन वर्षांचे सशर्त कार्ड न मिळता सरळ दहा वर्षांचे मिळाले. इतक्या लांबलेल्या वाट पाहण्याचा हा एकमेव फायदा. अनपेक्षित आनंद वेगळ्याच ठिकाणी मिळाला. डीएस-२६० मध्ये सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा का, या प्रश्नाला आम्ही ‘हो’ म्हटले होते आणि विसरून गेलो होतो. उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात दादाच्या पत्रपेटीत ते कार्ड आपोआप येऊन पडले. रांग नाही, अर्ज नाही, शुल्क नाही. प्रक्रियेला मी आता साडेतीन तारे देते.

सल्लागारांना काल ५,००० रुपये पाठवले आणि ते जन्मदाखल्यावरच्या त्या रेघेचे आहेत असे सोबत लिहिले. उरलेले १०,००० त्यांनी मागू नयेत अशी विनंती केली. त्यांचे उत्तर लगेच आले : ‘ओके मॅडम. पण रिव्ह्यूचं बघा.’