जुनी फोर बाय फोर : गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ऑइलचा नऊ महिन्यांचा अनुभव

गाडी जुनी आहे. पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि त्याच्या पाठीला बोल्टने जोडलेली, चेनची नव्हे तर गिअरची ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी. माझ्याकडे आली तेव्हा दोन तक्रारी होत्या. थंड गाडीत पहिल्यातून दुसरा टाकताना कर्रर्र आवाज यायचा. साठच्या वेगात अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की सीटखालून बारीक शीळ ऐकू यायची. आधी कुठलं ऑइल भरलं होतं त्याची नोंद कुणी ठेवली नव्हती. पण गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग (ऑइल सोडायचं खालचं बूच) उघडला आणि गंधकाचा असा उग्र वास आला की अंदाज आला. डिफरन्शिअलचं (चाकांच्या अॅक्सलमधल्या गिअरपेटीचं) ऑइल उघडल्यावर येतो तोच वास.

मागच्या वर्कशॉपने बहुधा एकाच डब्यातून सगळीकडे जीएल-५ भरलं असणार. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दोन वर्ग. ही चूक फार ठिकाणी होते, कारण ४ पेक्षा ५ म्हणजे वरचा दर्जा असं वाटतं. तसं नाही, दोन्हींची कामं वेगळी आहेत. जीएल-५ हे हायपॉइड डिफरन्शिअलसाठी. तिथे दात एकमेकांवरून प्रचंड दाबाखाली घसरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची ईपी (प्रचंड दाबात दात सांभाळणारी) द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. मॅन्युअल गिअरबॉक्सचं दुखणं वेगळं. तिथे बहुतेक जुन्या गाड्यांत पितळेच्या सिंक्रो रिंग असतात. रिंगने दोन फिरत्या भागांचा वेग जुळवायचा असतो आणि ते ती घासूनच करते. ऑइल फार निसरडं असलं की रिंगला पकड मिळत नाही, वेग जुळायच्या आत दात भिडतात आणि तो कर्रर्र ऐकू येतो. शिवाय तापलेल्या ऑइलमधलं सक्रिय गंधक तांबं-पितळ खातं. हल्लीच्या काही जीएल-५ मध्ये पितळ सांभाळणारी द्रव्यं असतात, पण म्हणून पकडीचा प्रश्न सुटत नाही. उलट बाजूही तितकीच खरी : डिफरन्शिअलला जीएल-५ सांगितलं असेल तिथे जीएल-४ भरलं तर दात झिजतील.

मी गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सिंथेटिक भरलं. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येही तेच आहे. तुमचं मॅन्युअल आधी उघडा, कारण काही जुन्या गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं, काहींना चक्क इंजिन ऑइल, आणि चेनच्या ट्रान्सफर केसला बहुतेक वेळा एटीएफच. आकड्यांनी बिचकू नका. गिअर ऑइलचं ९० आणि इंजिन ऑइलचं ४० किंवा ५० हे गरम असताना जवळपास सारखेच जाड असतात, फक्त मोजपट्ट्या वेगळ्या. थंडीतला फरक ‘डब्ल्यू’च्या आकड्यात असतो : ७५डब्ल्यूची कसोटी उणे ४० अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर.

फरक पहिल्याच सकाळी जाणवला. कर्रर्र पूर्ण गेला नाही, पण लिव्हर अडायचा थांबला. पुढच्या साताठशे किलोमीटरमध्ये आवाजही जवळजवळ बंद झाला. म्हणजे रिंग संपल्या नव्हत्या, त्यांना पकड मिळत नव्हती. हे कळल्यावर फार बरं वाटलं, कारण मी गिअरबॉक्स उतरवायची मनाची तयारी करून बसलो होतो.

ट्रान्सफर केसच्या बाबतीत मात्र मी चुकलो. शीळ घालवायची म्हणून मॅन्युअलमधलं ८०डब्ल्यू-९० सोडून त्याहून जाड ८५डब्ल्यू-१४० भरलं. दोन महिने गाडी गप्प. सकाळी हाय-लोचा (ट्रान्सफर केसमधले वेगाचे आणि ताकदीचे गिअर बदलायचा) लिव्हर जड जायचा, तेवढं चालवून घेतलं. तिसऱ्या महिन्यात शीळ हळूहळू परत आली. चौथ्यात दुसरा गिअर पुन्हा कधीमधी घासू लागला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधली दोन वेगळी ऑइलं एकाच वेळी बिघडतील हे पटेना.

सपाट जागेवर गाडी लावून आधी ट्रान्सफर केसचा फिलर प्लग (ऑइल भरायचं बूच) सैल केला. ऑइल बाहेर आलं. थेंब नव्हे, धार लागली, आणि तीही १४० ची नव्हती, पातळ होती. मग गिअरबॉक्सचा फिलर उघडून करंगळी आत वाकवली. काठाशी लागायला हवं ते ऑइल बोटाच्या दुसऱ्या पेरालाही लागलं नाही. जमिनीवर मात्र एक डागही नव्हता.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधली शाफ्टची ऑइल सील (ऑइल अडवणारी रिंग) गेली होती. गिअरबॉक्सचं ऑइल मागे सरकत होतं. तिकडे १४० पातळ होत गेलं म्हणून शीळ परतली, इकडे पातळी उतरली म्हणून गिअर घासू लागला. बाहेर गळती नसल्याने हा दोष महिनोन्महिने कळत नाही, आणि तोवर गिअरबॉक्सची बेअरिंगं कोरडी चालत राहतात. जुन्या गाडीच्या ऑइलची चर्चा करताना या सीलबद्दल कुणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सील गेलेली असेल तर दोन्हीकडे काय भरलंय याला अर्थ उरत नाही, शेवटी सगळं एक होणार.

ट्रान्सफर केस उतरवून सील बदलली. तेव्हाच ब्रीदरची (केसमधली हवा बाहेर सोडणारी) नळी काढून फुंकली, तर हवा जाईना. आत वाळलेला चिखल घट्ट बसला होता. केस तापली की आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असला की तो दाब सीलवरच येतो. चिखला-पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी ही नळी दर सर्व्हिसला फुंकून बघावी. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, तेव्हा ते लगेच बदलायचं.

आता गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९० आणि ट्रान्सफर केसमध्ये ८०डब्ल्यू-९०, दोन्ही जीएल-४. माझ्या मॅन्युअलला केसमध्ये जीएल-५ सुद्धा चालतं, पण सील पुन्हा कधी गेली तर दोन्हीकडची ऑइलं मिसळून भलतं काही होऊ नये म्हणून मुद्दाम एकाच वर्गातली घेतली. हाय-लो परत हलका झाला.

ऑइल बदलताना आधी फिलर प्लग उघडून बघा, मगच ड्रेन. खालून सगळं सोडल्यावर फिलर गंजून बसलेला निघाला तर गाडी जागेवर उभी. ऑइल कोमट असताना सोडा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी, मेणासारखी पेस्ट असणारच, ती चिमटीत चोळा. टोचली तर त्यात कण आहेत. ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर पितळ झिजतंय.

सील बदलून पाच महिने झाले. महिन्यातून एकदा दोन्ही फिलरमध्ये बोट घालतो, ऑइल दोन्हीकडे काठाला आहे. दुसरा गिअर थंडीतही अडत नाही. साठच्या वेगातली शीळ मात्र आहे, पहिल्याइतकीच. ती बेअरिंगची असणार. केस उतरवली होती तेव्हा तिथला शाफ्ट हाताने हलवून बघायचा राहून गेला, आता पुढच्या वेळी उतरेल तेव्हा आधी तेच बघणार.