सोनं पाठवायचं की उधारी करायची? 1915 मधलं लंडन
पहिल्या महायुद्धाआधी एका पौंडाला साधारण 4.86 डॉलर मिळायचे. 1914 च्या ऑगस्टमध्ये लंडनचं देणं असलेल्या अमेरिकी कर्जदारांचीच पौंडासाठी पळापळ झाली, भाव 6 च्या वर गेला. वर्षभरात चित्र पालटलं: ब्रिटन अमेरिकेतून तोफगोळे, गहू, कापूस घेत सुटलं आणि पौंड 4.60 च्याही खाली घसरला.

अमेरिकेची बिलं डॉलरमध्ये चुकवायला आणि पौंड सावरायला लंडनपुढे दोन मार्ग होते. पहिला मार्ग सोन्याचा. रोखठोक व्यवहार, कुणाचे पाय धरायला नकोत. पण सोनं जहाजातून कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराला न्यायचं, तिथून रेल्वेने न्यूयॉर्कला. वाटेत जर्मन पाणबुड्यांची धास्ती. शिवाय साठा संपला की खेळ खल्लास.

दुसरा मार्ग कर्जाचा. ऑक्टोबर 1915 मध्ये ब्रिटनचे लॉर्ड रेडिंग यांच्या शिष्टमंडळाने अमेरिकेत ब्रिटन-फ्रान्ससाठी 50 कोटी डॉलर उभे केले, 5 टक्क्यांनी, तेही विनातारण. पुढे जे. पी. मॉर्गन या न्यूयॉर्कच्या बँकिंग पेढीने ब्रिटिश सरकारच्या वतीने पौंड विकत घेत भाव 4.76 च्या आसपास बांधून ठेवला. सोय मोठी, पण नाडी सावकाराच्या हातात. नोव्हेंबर 1916 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह बोर्डाने (तिथल्या मध्यवर्ती बँकेने) अमेरिकी बँकांना, विनातारण परदेशी हुंड्यांपासून सावध राहा, असं जाहीर बजावलं आणि लंडनची झोप उडाली.

माझ्या मते कर्जच शहाणपणाचं होतं, कारण त्याने वेळ मिळाला. एप्रिल 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि मग तिचं सरकारच थेट कर्ज देऊ लागलं. सोनं मात्र कर्जाच्या जोडीला जातच राहिलं.