माथेरानला सायकलवरून प्रदक्षिणा, नेरळ घाटासकट

ठाणे-नवी मुंबईत चढ कुठे मारायचा विचारलं की लोक येऊर सांगतात नाहीतर खारघर हिल्स, आणि ऑफिसच्या आधी तासाभरासाठी ते छानच आहेत, पण दिवसभराचा लूप हवा असेल आणि पायांची खरी परीक्षा बघायची असेल तर माझं उत्तर एकच आहे: शिळफाटा, बदलापूर, नेरळ, कर्जत, चौक, पनवेल करून घरी, आणि मधे नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा घाट. कुठून निघता त्यावर अवलंबून आहे पण सव्वाशे ते दीडशे किमी धरून चाला. ठाणेकरांनी मुंब्रा बायपासने शिळफाटा गाठायचा, नेरूळ-बेलापूरवाल्यांनी तळोज्याकडून.

दिशा मात्र हीच ठेवा, उलटी नको. उलट गेलं की शिळफाटा शेवटी येतो, दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंनी कंटेनर, आणि पायात काही उरलेलं नसतं. पहाटे चारला चांगले लाईट लावून निघालात तर शिळ-काटईचा पट्टा गर्दीच्या आधी संपतो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ह्या दिशेने गेलं की अख्खी माथेरान रांग पूर्ण वेळ उजव्या हाताला राहते, म्हणजे खरोखरची प्रदक्षिणाच, आधी अंधारात मलंगगडाची आकृती, मग चंदेरी, पेब, माथेरानचं पठार, परतताना इर्शाळ आणि प्रबळ. वांगणीच्या आसपास उजाडतं तेव्हा सूर्य डावीकडून येतो आणि त्याचं ऊन थेट चंदेरीच्या कातळावर पडतं, तिथे पाच मिनिटं थांबाच, टायमिंग गेलं खड्ड्यात.

आता घाट. नेरळहून दस्तुरी फक्त सात-आठ किमी आहे, ऐकायला काहीच नाही वाटत. पण माथेरान 800 मीटरच्या आसपास उंच आहे आणि नेरळ अगदी पायथ्याला, सपाटीवर. 1907 ला सुरू झालेली टॉय ट्रेन नेरळपासून माथेरानला पोचायला साधारण 21 किमी वळसे घेते, आणि रस्ता जवळपास तेवढंच चढायचं काम तिच्या निम्म्याहून कमी अंतरात करतो, ह्यावरून काय ते समजा. उसंत म्हणून मिळत नाही. हेअरपिनच्या आतल्या बाजूला रस्ता इतका उभा होतो की पुढचं चाक हलकं वाटायला लागतं, त्यामुळे समोरून गाडी नसेल तर वळण बाहेरून घ्यायचं, अंतर थोडं वाढतं पण कॅडन्स, म्हणजे पेडल मारायची लय, तुटत नाही. मधेमधे चढावर बंद पडलेली एखादी कार दिसते आणि जळक्या क्लचचा वास येतो. पुढे 34 दातांची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागच्या कॅसेटमधे (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) सगळ्यात मोठी चकती निदान 32 दातांची असल्याशिवाय जाऊ नका, रेसिंगच्या गियरवर ताकदवान रायडरचेही गुडघे धरतात. आणि जिथे टॉय ट्रेनचे रूळ रस्त्याला आडवे येतात तिथे सायकल सरळ काटकोनातच न्या, ओले असतील तर चाक हमखास घसरतं.

वर दस्तुरीला गाड्यांची हद्द संपते, लिंबू सरबत प्या, माकडांपासून खाऊ सांभाळा आणि माघारी फिरा. उतरताना घाई नको, रिम ब्रेकवाल्यांनी (ज्यांचा ब्रेक चाकाच्या कडीवर, म्हणजे रिमवर, दाबला जातो) तर अजिबात नको, ब्रेक सलग दाबून ठेवला की रिम तापतो, त्यामुळे दाबा-सोडा करत, गरज पडली तर थांबून गार करत उतरायचं. नेरळच्या शेअर टॅक्सीवाल्यांना प्रत्येक वळण पाठ आहे आणि ते त्याच वेगाने येतात, शनिवार-रविवारी त्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांग, म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी रजा टाका. भर पावसात हा घाट मी कुणालाच सुचवणार नाही, धुकं, शेवाळ, वरून येणारे दगड. ऑक्टोबर उलटल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत बेस्ट.

नेरळ-कर्जत सोपं आहे, कर्जत स्टेशनला वडापाव खाऊन घ्या, कारण कर्जत-चौक रस्ता नकाशावर सपाट वाटला तरी छोटे छोटे चढ आहेत आणि घाटानंतर ते चांगलेच टोचतात. ह्या पट्ट्यात उजवीकडे आत मोरबे धरण आहे, नवी मुंबई महापालिकेच्या नळाला येणारं पाणी इथलंच. चौकजवळ इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्याच कुशीतली इर्शाळवाडी जुलै 2023 मधे दरडीखाली गेली, मला तरी तिथून नुसतं फोटो काढून पुढे जाववत नाही.

चौक ते पनवेल जुना हायवे, शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी, धरून चालवायचं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त दोन्ही बाटल्या कर्जतलाच भरा, आणि पळस्पे फाट्याला सिग्नल न बघता घुसणारे ट्रक असतात, तिथे खाली उतरून सायकल हातात धरून क्रॉस केलं तरी चालेल.