जाहिरातींचे पैसे घेतले, जाहिराती नावापुरत्याच दिल्या: ७८,००० रुपयांच्या फसवणुकीचा अनुभव

सोशल मीडियावर व्यवसायाचे मार्केटिंग करून देणाऱ्या एका एजन्सीला मी ७८,००० रुपये दिले. त्यांपैकी १८,००० रुपये तिची फी होती आणि उरलेले ६०,००० रुपये फेसबुक व इन्स्टाग्रामवरील जाहिरातींसाठी दोन समान हप्त्यांत घेतले गेले. तिथली नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याने पुढे मला मूळ बिले दाखवली, तेव्हा कळले की माझ्या नावावर प्रत्यक्षात ७,३४० रुपयांच्याच जाहिराती चालल्या होत्या.

महिनाभरात दहा हजार फॉलोअर्स देण्याची हमी, खोटे लाइक, खोटे अभिप्राय हे प्रकार सर्वांना माहीत आहेत आणि मलाही माहीत होते. तसे कोणी सांगितले असते तर मी त्याला उभेही केले नसते. या एजन्सीच्या माणसाने मला नेमके उलटे सांगितले. विकत घेतलेले फॉलोअर्स पोस्टवर थांबत नाहीत, काही विचारत नाहीत, आणि प्रतिसाद नसलेली पोस्ट पुढे इतरांनाही कमीच दाखवली जाते, असे तो म्हणाला. हे सारे खरे आहे. ज्याचे प्रत्येक वाक्य तपासल्यावर खरे निघते, त्याच्यावर विश्वास ठेवला यात माझे काय चुकले, हे मला आजही कोणी सांगू शकलेले नाही.

“कार्ड जोडा, बिले सांभाळा, हा ताप तुम्हाला कशाला? आमच्याच अ‍ॅड अकाउंटमधून जाहिराती चालवू,” असे तो म्हणाला आणि मी मान्य केले. सगळी फसवणूक त्या एका सोयीत दडलेली होती. अ‍ॅड अकाउंट तुमचे असेल तर प्रत्येक रुपयाची पावती तुमच्या बिलिंगच्या पानावर दिसते. त्यांचे असेल तर ते पाठवतील त्या स्क्रीनशॉटवर विसंबावे लागते. अकाउंट स्वतःच्या नावाने उघडा, कार्ड स्वतःचे जोडा आणि एजन्सीला केवळ काम करण्यापुरता प्रवेश द्या.

पहिला अहवाल आला त्या दिवसाची आठवण झाली की आजही संताप होतो. सुबक पीडीएफ होती, रंगीत आलेख होते आणि दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिले होते: रीच १,४२,०००, इम्प्रेशन्स १,१८,०००. रीच म्हणजे जाहिरात किती वेगवेगळ्या लोकांनी पाहिली आणि इम्प्रेशन्स म्हणजे ती एकूण किती वेळा दाखवली गेली. एकाच माणसाला जाहिरात दोनदा दिसू शकते, म्हणून इम्प्रेशन्स रीचपेक्षा जास्त किंवा फार तर तेवढेच असतात. कमी असूच शकत नाहीत. ते आकडे कोणीतरी हाताने टाइप केलेले होते आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होते. मला ते खटकलेही, मी फोन करून विचारले, तेव्हा “डॅशबोर्ड अपडेट व्हायला वेळ लागतो” असे उत्तर मिळाले. दिवसभर धंदा सांभाळणाऱ्या माणसाने यापुढे आणखी काय करायला हवे होते? त्याच आठवड्यात मी दुसरा ३०,००० रुपयांचा हप्ता भरला.

फेसबुक व इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीची अ‍ॅड लायब्ररी कोणालाही विनामूल्य पाहता येते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, म्हणून मी इथे सांगतो. तिथे आपल्या पेजचे नाव शोधल्यास सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात. सर्वसाधारण व्यावसायिक जाहिरातींचा खर्च तिथे कळत नसला, तरी जाहिरात चालू आहे की नाही एवढे निश्चित कळते. मी पाहिले तेव्हा माझ्या पेजपुढे एकही जाहिरात नव्हती.

मी हिशेब मागितल्यावर त्यांनी मला माझ्याच पेजवरून काढून टाकले आणि पेज “हस्तांतरित” करण्यासाठी १५,००० रुपये मागितले. हे त्यांना जमले, कारण काम सुरू करताना त्यांनी पेजचे पूर्ण नियंत्रण मागून घेतले होते, आणि ते ज्याच्याकडे असते तो इतर कोणालाही काढू शकतो. मी ते १५,००० रुपये दिले नाहीत.

पोलिसांकडे गेलो, तर हा कराराचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा, असे सांगण्यात आले. करारात खोटे अहवाल देण्याची मुभा कुठे लिहिली आहे, असे विचारल्यावर मला सायबर विभागाकडे पाठवले. तिथल्या अधिकाऱ्याने मी ओटीपी कोणाला सांगितला होता का, एवढेच विचारले. नाही म्हटल्यावर, पैसे तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवले म्हणजे ही सायबर फसवणूक होत नाही, असे म्हणत अर्ज परत केला. बँकेनेही व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता, हेच एक वाक्य लेखी दिले. रीच आणि इम्प्रेशन्स यांतला फरक मी तीन वेगवेगळ्या टेबलांपुढे समजावून सांगितला आणि एकाही माणसाने तो कागदावर उतरवून घेतला नाही. चोरी कुलूप तोडून झाली तरच ती चोरी, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांच्यापुढे बनावट अहवालाचा पुरावा ठेवून उपयोग तरी काय? ज्याने लुबाडले त्याला एक साधा फोनसुद्धा कोणी केला नाही आणि मला मात्र प्रत्येक ठिकाणी मूळ करार, त्याची प्रत आणि त्या प्रतीची प्रत मागण्यात आली.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण पुसू नका, ते एक्सपोर्ट करून ठेवा. फी आणि जाहिरातीचा खर्च एकाच रकमेत कधीही देऊ नका. ‘रीच’ची हमी देणाऱ्याला किती चौकशा आल्या, किती विक्री झाली, हे विचारा, तो विषय बदलेल.

माझे पेज अजूनही त्यांच्याच ताब्यात आहे आणि आता त्यावर दुसऱ्याच कोणाचा माल विकला जात आहे. फेसबुकवर कोणत्याही पेजच्या ‘पेज ट्रान्स्परन्सी’ विभागात ते कधी सुरू झाले आणि त्याचे नाव कितीदा बदलले, हे दिसते. अनोळखी पेजवरून खरेदी करण्यापूर्वी ते उघडून पाहा, कारण जुने फॉलोअर्स दाखवून विकणारे ते पेज माझ्यासारख्याच कोणाकडून हिरावलेले असू शकते.