अमेरिकन पूर्वजेचं माहेर शोधताना: आधी जनगणना की पेन्शनची फाइल?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन स्त्रीचा वंश शोधायचा तर आधी तिचं माहेरचं आडनाव मिळवायला हवं. ते मिळेपर्यंत हाती लागतं ते सगळं नवऱ्याच्या घराण्याचं.

बहुतेक जण जनगणनेपासून सुरुवात करतात, कारण फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या वेबसाइटवर खातं उघडलं की ती फुकटात शोधता येते. पण १८४०पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बायका-मुली वयोगटाच्या रकान्यात नुसता आकडा. १८५०मध्ये घरातल्या सगळ्यांची नावं आली, तीही स्वतंत्र माणसांचीच. गुलामगिरीतल्या बायका तेव्हाही निनावी राहिल्या, याची फार खंत वाटते. कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं लिहायला १८८० उजाडलं. माहेरच्या आडनावाला रकाना नाहीच. एखाद्या घरात कुटुंबप्रमुखाची ‘सासू’, म्हणजे त्याच्या बायकोची आई, म्हणून नोंदलेली म्हातारी सापडली, तर तिचं आडनाव हा मोलाचा धागा (तिने दुसरं लग्न केलं नसेल तर).

नवरा अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, फौजेत असताना वारला असेल, तर मी आधी विधवेच्या पेन्शनची फाइल मागवेन. पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे. म्हणून लग्नाची तारीख, गाव, बहुधा माहेरचं नाव, मुलांचे जन्म आणि ओळखीच्यांच्या शपथेवरच्या साक्षी एका जागी मिळतात; क्वचित घरच्या बायबलमधून काढलेलं जन्म-मृत्यूंचं पानही. फाइली नॅशनल आर्काइव्ह्ज या अमेरिकन केंद्र सरकारच्या दफ्तरखान्याकडे आहेत. प्रतींना पैसे पडतात, वाटही पाहावी लागते. तरी सशुल्क वेबसाइटच्या वर्गणीआधी पैसे इथे घालावेत. दक्षिणेच्या सैनिकांच्या विधवांसाठी मात्र त्या त्या राज्याचं दफ्तर पाहावं.

काहींच्या बाबतीत दोन्ही वाटा बंद. मुंबई आणि अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिस सिंथिया फरार १८२७मध्ये इकडे आल्या, १८६२मध्ये नगरलाच वारल्या. अमेरिकेत सगळ्यांची नावं लिहिली जाऊ लागली तेव्हा त्या इथे होत्या, आणि अविवाहित असल्यामुळे विधवा-पेन्शनचा प्रश्नच नाही. आडनाव मात्र जन्माचंच राहिलं, हा मोठा फायदा. अशा वेळी थेट जन्मगाव गाठावं, त्यांच्या बाबतीत न्यू हॅम्पशायरमधलं मार्लबरो: गावची जन्मनोंद, चर्चची सभासद-यादी, वडिलांचं मृत्युपत्र. मिशनचा पत्रव्यवहार हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. न्यू इंग्लंडमधल्या (न्यू हॅम्पशायरसह अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या) गावांच्या छापील इतिहासांत तयार वंशावळीही असतात, पण मूळ नोंदीशी ताडल्याशिवाय त्यांतली एकही पिढी उतरवून घेऊ नये.