सांध्यांच्या गोळ्यांनी माझा थायरॉइडचा रिपोर्ट खोटा केला

थायरॉइडची गोळी मी अकरा वर्षं घेते आहे. हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटलेली. १०० मायक्रोग्रॅमची गोळी, सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, आणि पुढचा तासभर पोटात काही नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन, दोन-अडीचच्या आसपास, नॉर्मल असायचं. या आजाराने मला तसं कधी छळलं नव्हतं. पाळी गेल्यावर मात्र गुडघे कुरकुरायला लागले. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असायची, अंगठ्याच्या मुळाशी दुखायचं.

दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्यानंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. त्यामुळे "थायरॉइड असणाऱ्यांची हाडं आतून पोकळ होतात" असं सांगणारा एक व्हिडिओ समोर आला, तेव्हा मी तो शेवटपर्यंत पाहिला आणि खाली दिलेला फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच एका बाईंचा फोन आला. त्यांनी स्वतःची ओळख "आरोग्य सल्लागार" अशी करून दिली.

त्या चाळीस मिनिटं बोलल्या. खरं तर बोलले मीच, त्या ऐकत होत्या. गुडघे, बोटं, झोप, आई, सगळं मी सांगून टाकलं. "ताई, किती सोसताय तुम्ही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आईंचं झालं तेच तुमचं होणार, ताई. आज थांबवलं नाही तर." माझी फसवणूक त्या वाक्यापासून सुरू झाली असं मी धरते. डबे घरी आले ते नंतर.

सांध्यांच्या कॅप्सूलच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे पैसे आगाऊ घेतले. दोन प्रकारचे डबे आले. सोबत वेळापत्रकाचा छापील कागद होता. त्यात लिहिलं होतं: सर्व कॅप्सूल सकाळी उपाशीपोटी. मी फोन करून विचारलं, त्याच वेळी माझी थायरॉइडची गोळी असते, चालेल का? "सोबतच घ्या ताई, म्हणजे विसरायला होणार नाही." मी तसंच केलं.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती मला अकरा वर्षांत कुणी समजावून सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. त्या डब्यातल्या मुख्य घटकाचं नाव होतं कॅल्शियम कार्बोनेट. थायरॉक्सिन, म्हणजे माझ्या गोळीतलं हार्मोन, आणि कॅल्शियम पोटात एकत्र आले की थायरॉक्सिन कॅल्शियमला चिकटून बसतं आणि आतड्यातून रक्तात जायच्या ऐवजी त्यातलं काही तसंच बाहेर पडतं. २००० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे २० रुग्णांवर तपासून प्रसिद्ध केलेलं आहे. त्या रुग्णांना तीन महिने थायरॉक्सिनबरोबरच रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं होतं, आणि त्यांचं टीएसएच सरासरी १.६ वरून २.७ वर गेलं. काहींचं तर नॉर्मलच्या वर गेलं. म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. लोहाच्या गोळ्यांचंही तेच, ॲसिडिटीच्या काही औषधांचंही तेच. कॅल्शियम घेऊच नका असं कुणी म्हणत नाही. फक्त एकत्र नको. आणि मला फोनवर "सोबतच घ्या" सांगितलं होतं.

तीन महिन्यांनी सल्लागारबाईंनीच आग्रह धरला की आता थायरॉइडची तपासणी करून घ्या, फरक दिसेल. नेहमीप्रमाणे सकाळच्या कॅप्सूल घेऊन मी रक्त द्यायला गेले. रिपोर्ट आला: टीएसएच ०.१८. फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं थायरॉइड हार्मोन, वरच्या मर्यादेच्या थोडं पुढे. मी तो फोनवर पाठवला आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन. आवाजात इतका आनंद, की मलाच भरून आलं. "ताई, तुमची ग्रंथी जागी झाली! स्वतःच हार्मोन बनवायला लागली. आता बाहेरची गोळी जास्त होतेय, म्हणून टीएसएच खाली आलंय. गोळी अर्धी करा. डॉक्टरांना आत्ताच सांगू नका, ते ऐकून घेणार नाहीत."

अकरा वर्षं रिपोर्ट पाहत आल्यामुळे टीएसएच खाली म्हणजे डोस जास्त, इतकं मला माहीत होतं. त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटलं. मी गोळी मधोमध मोडून अर्धी घ्यायला लागले. डॉक्टरांना विचारलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

पुढचे सात आठवडे वाईट गेले. सकाळी पापण्या सुजलेल्या. आवाज जड, घोगरा. पोट साफ होईना. इतरांना उकडत असताना मला थंडी वाजायची. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायची, मग हात पलंगाखाली लोंबता सोडून झटकत बसायचं. आणि ज्यासाठी हे सगळं सुरू केलं ते गुडघे आणि बोटं पहिल्यापेक्षा जास्त आखडली. त्या डब्याचं झाकण मला उघडता येईना. रोज सकाळी मुलगी उघडून द्यायची आणि मी त्यातल्या कॅप्सूल घ्यायचे.

मी तक्रार केली की बाईंकडे उत्तर तयार असायचं. विषं बाहेर पडताहेत. शरीर दुरुस्त होताना आधी त्रास वाढतोच. ताई, आता सोडलंत तर केलेलं सगळं वाया जाईल. आणि मग: डोस दुप्पट करा. त्यासाठी अर्थातच आणखी डबे लागणार होते. सोबत "थायरॉइड सपोर्ट" नावाची आणखी एक बाटलीही त्यांनी सुचवली. ती मी घेतली नाही, तेवढे पैसे हातात नव्हते म्हणून. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अशा नावाखाली विकल्या जाणाऱ्या १० उत्पादनांची तपासणी २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या ९ मध्ये टी-३ आणि ५ मध्ये टी-४, म्हणजे खरंखुरं थायरॉइड हार्मोन सापडलं. हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं की हाडांची झीज वाढते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हाडं जपायची म्हणून माणूस अशी बाटली घेतो, आणि तीच हाडं झिजवते.

शेवटी मुलीने ऐकलं नाही आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आदल्या दिवशीचा ताजा रिपोर्ट सोबत होता: टीएसएच १.१. अगदी नॉर्मल. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा रिपोर्टकडे. नाडी मोजली, ५४. मग मला खुर्चीच्या गादीवर गुडघे टेकून पाठमोरं बसायला सांगितलं, पावलं मागे मोकळी. टाचेच्या वर जी जाड दोरीसारखी शीर असते तिच्यावर त्यांनी छोट्या हातोडीने टकटक केलं. पाऊल झटक्यात खाली गेलं, पण परत जागेवर यायला रेंगाळलं. मुलीनेही ते पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "हे पाऊल सांगतंय की थायरॉइड कमी आहे. रिपोर्ट सांगतोय की ठीक आहे. दोघांपैकी एक चुकतंय. तुम्ही अजून काय काय घेता?"

"दुसरं औषध काहीच नाही," मी म्हणाले.

"औषध नाही विचारलं मी. डबा, बाटली, पुडी, पावडर, काहीही."

दुसऱ्या दिवशी सगळं पिशवीत भरून नेलं. डॉक्टरांनी लेबलवरची बारीक अक्षरं मोबाइलमध्ये मोठी करून वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. केस आणि नखांसाठी असतं म्हणून मी ते कधीच वाचून सोडून दिलं होतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. माझ्या पोटात तीनशे पटींहून जास्त जात होतं, आणि डोस दुप्पट केल्यावर त्याच्याही दुप्पट.

बायोटिन शरीराला सहसा अपाय करत नाही. ते घोटाळा करतं प्रयोगशाळेतल्या मशीनचा. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांमध्ये रसायनांना पकडून ठेवायला बायोटिनचीच जोडणी वापरलेली असते. रक्तातच बायोटिनचा पूर असला की त्या जोडणीच्या जागा आधीच अडून बसतात. मग टीएसएच असतं त्यापेक्षा कमी मोजलं जातं आणि टी-४ असतं त्यापेक्षा जास्त. सगळ्याच मशीनवर असं होत नाही, पण ज्यांच्यावर होतं तिथे रिपोर्ट हुबेहूब थायरॉइड वाढल्यासारखा दिसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात जी ट्रोपोनिनची तपासणी करतात, तीही बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते, आणि तशा एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद त्या इशाऱ्यात होती. थायरॉइडची तपासणी करायची असेल तर निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद करा, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशन सांगते. माझा डोस मोठा म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर डब्यांतलं सगळं बंद ठेवायला लावलं. मग पुन्हा रक्त दिलं.

टीएसएच २६.

म्हणजे एकाच डब्यातलं कॅल्शियम माझी गोळी अडवत होतं, आणि त्याच डब्यातलं बायोटिन ते रिपोर्टमध्ये दिसू देत नव्हतं. त्यावर मी गोळी अर्धी केलेली. शिवाय यादीत समुद्री शेवाळ होतं, केल्प. त्यात आयोडीन किती ते लिहिलेलंच नव्हतं. आयोडीन दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, केल्पमधलं प्रमाण मात्र फार कमीजास्त असतं. हाशिमोटो असणाऱ्याला जास्तीचं आयोडीन मानवत नाही, ग्रंथी आणखी मंदावू शकते. आणि थायरॉइड कमी पडलं की सांधे आखडतात, स्नायू दुखतात, मनगटातली नस दाबली जाऊन रात्री हाताला मुंग्या येतात. ज्याला त्या बाई "विषं बाहेर पडताहेत" म्हणत होत्या ते हे होतं.

राहिलं ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन, ज्यांच्या जोरावर डब्यावर गुडघ्याचं चित्र होतं. २००६ साली १,५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली होती, गुडघ्यांच्या झिजेसाठी. एकूण रुग्णांचा हिशेब पाहिला तर नुसत्या बिनऔषधी गोळीपेक्षा वेदना विशेष कमी झाल्या नाहीत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ही दोन्ही देऊ नयेत असाच स्पष्ट सल्ला दिला. मला हे आधी कळलं असतं तर मी घेतलंच नसतं, असं छातीठोक म्हणवत नाही. आईचं हाड डोळ्यांसमोर होतं.

पैसे परत मागितले. सील उघडलेला डबा परत घेत नाही, हे पहिलं उत्तर. न उघडलेल्या डब्यांचं काय, तर परत करायची मुदत संपली. मग मी म्हणाले, तुम्ही मला थायरॉइडची गोळी अर्धी करायला सांगितलीत. "आम्ही असं कधीच सांगत नाही, ताई. दाखवा कुठे लिहिलंय." मी सगळे संदेश वर-खाली करून पाहिले. खरोखर कुठेच नव्हतं. लिहून आलेलं फक्त "काळजी घ्या", "छान प्रगती", हात जोडलेली चित्रं. गोळी अर्धी करा, डॉक्टरांना सांगू नका, डोस दुप्पट करा, हे सगळं तोंडी, फोनवर. आणि डब्याच्या मागे, कडेला, अगदी बारीक अक्षरांत छापलेलं होतं की हे उत्पादन कोणत्याही आजारावर उपचार करण्यासाठी नाही. अशा विक्रेत्यांकडून गोळी बदलायचा सल्ला फोनवर ऐकलात तर म्हणा, हेच मला लिहून पाठवा. लिहून देणार नसतील तर तिथेच फोन ठेवा.

१०० मायक्रोग्रॅमवर मी परत आले. हे हार्मोन शरीरातून अर्धं व्हायला आठवडा घेतं, त्यामुळे डोस बदलल्यावर टीएसएच स्थिर व्हायला सहा आठवडे तरी जातात. सहा आठवड्यांनी ५.८ होतं, त्यानंतरच्या तपासणीत २.६. मुंग्या आधी गेल्या, मग सूज, आवाज सगळ्यात शेवटी. हाडांची घनताही मोजून घेतली, जी त्या चाळीस मिनिटांत कुणी एकदाही सुचवली नव्हती. थोडी कमी आहे, पोकळ वगैरे नाही. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची गोळी चालू आहे. कॅल्शियम लागेल तेवढंच, आणि तेही रात्रीच्या जेवणानंतर. गुडघ्यांसाठी मांडीचे व्यायाम दिलेत, ते रोज करते. गुडघे अजून दुखतात, पण जिना चढता येतो. झाकणं मी आता स्वतः उघडते.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. माझा तो ०.१८ चा रिपोर्ट त्यांनी नाव झाकून, टीएसएचच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढून, "फक्त ३ महिन्यांत थायरॉइड बरा" असं लिहून त्यांच्या ग्रुपवर टाकला होता. माझ्या मावसबहिणीला तो तिसऱ्याच कुणाकडून आला. तिलाही थायरॉइड आहे. तो काढून टाका म्हणून मी दोनदा लिहिलं, सोबत २६ चा रिपोर्टही पाठवला. दोन्ही वेळा संदेश वाचल्याची निळी खूण आली. लाल वर्तुळाचा रिपोर्ट अजून फिरतो आहे. तुमच्यापर्यंत आला, तर तो माझा आहे, आणि ते रक्त मी सकाळच्या कॅप्सूल घेऊन दिलं होतं.